मुराळी मनमाडच्या वर आला

माझं माहेर काटोलकडचं, सासर पिंपळगाव बसवंतचं. म्हणजे संत्र्यातून उचललं आणि द्राक्षात आणून ठेवलं. माझे बाबा काटोलच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायचे. आमचे हे तेव्हा नवा टेम्पो घेऊन नागपूरला द्राक्षं उतरवायचे आणि येताना संत्री भरायला मंडीत यायचे. सोयरीक टेम्पोच्या फाळक्यावर बसून ठरली. पत्रिका नंतर बघितली, आधी माल बघितला, असं बाबा अजून म्हणतात. माल म्हणजे संत्री, असं मी समजून घेते.

या दोन गावांमधलं अंतर किती, हे मी लग्न झाल्यापासून विचारत आले आहे आणि दर वेळी उत्तर वेगळं मिळालं आहे. आमचे हे म्हणतात, "एक टाकी डिझेल आणि वर थोडं." सासूबाईंच्या हिशेबात ते एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत असतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. सासूबाई सटाण्याकडच्या, आणि तिकडं त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी जातात. मोबाईलला विचारलं तर तो आधी मलाच विचारतो, कशानं जाणार? रस्त्यानं जाणार तर साडेसहाशेच्या वर. विमानानं जाणार तर साडेपाचशेच्या आसपास, आणि वेळ दीड तास. तीच दोन गावं, पण वाहन बदललं की ती एकमेकांच्या जवळ सरकतात, हे मला नववीपर्यंतच्या भूगोलात कुणी सांगितलं नव्हतं. दहावीत सांगत असतील. मी दहावीत गेले नाही. पुढची शाळा लांब होती आणि घरी कामाला हात कमी होते, एवढीच ती गोष्ट.

मला विचाराल तर खरं अंतर आगगाडीचं. मनमाडला जाऊन रात्रीच्या गाडीत बसायचं. भुसावळपर्यंत मी सून असते. पदर जागेवर असतो. अकोल्याला चहा घेताना पाय वर घेऊन बसते. बडनेरा गेलं की तोंडातलं 'का बरं' जातं आणि 'काऊन' येतं. नागपूरला उतरते ती पोरगीच. एवढं सगळं व्हायला एक अख्खी रात्र लागते, आणि लागायलाच पाहिजे.

पण या गाडीत मी कधी एकटी बसले नाही. कारण सासूबाईंचा नियम. आमच्या घरातली सून माहेरी जाते ती मुराळ्याबरोबर. मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून येणारा माणूस, बहुतेक भाऊच. आमच्या काटोलकडं हा शब्द मी ऐकलेला नव्हता. आमच्याकडं बाई पिशवी उचलते आणि यष्टीत बसते. इथं तसं नाही. मुराळी येणार, त्याच्या पायावर पाणी घालणार, त्याला पाहुणचार होणार, खापरावरचे मांडे होणार. मांडा म्हणजे उपड्या खापरावर टाकलेली, पंचाएवढी मोठी पुरणपोळी. तो खाऊन मुराळी सुस्तावणार, एक रात्र राहणार, दुसरी राहणार, मग कुठं सून उंबरा ओलांडणार.

माझा मुराळी म्हणजे माझा धाकटा भाऊ. नागपूर रस्त्याला त्याचा पानठेला आहे. दर वर्षी तो बिचारा ठेल्याला कुलूप लावून यायचा, दोन दिवस मांडे खायचा, आणि परतीच्या गाडीत म्हणायचा, "ताई, तुह्या सासूले सांग न, एकदा भाजी-पोळी करा म्हणा. मी कुठं चाललो का पळून?"

यंदा मार्चात मात्र नियमाची आणि घड्याळाची गाठ पडली.

भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. ती दिवस भरायच्या आधीच आली आणि मुठीएवढी आली. नागपूरच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी इकडं पॅकहाऊसमध्ये डोक्याला जाळी लावून द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीनं काढत असायची, आणि प्रत्येक लहान मणी दिसला की कात्री थांबायची. शेवटी एका रविवारी डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. त्याच दुपारी भावाचा फोन आला.

"ताई, मंगळवारी बारसं."

"परवा? अरे, एवढी घाई कायले?"

"माय आयकून नाही राहिली. पोरीच्या पायाले दवाखान्याची पट्टी आहे, तिच्यावर अजून तुह्या वहिनीचंच नाव. माय म्हणते, माही नात किती दिवस बिननावाची ठेवता? अन् आत्या तं तूच एक. तू नाव नाही ठेवलं तं ठेवायचं कोणं?"

हे खरं होतं. पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. ते सांगताना कानाशी 'कुर्रर्र' करायचं आणि मागून बायकांचे धपाटे पाठीवर घ्यायचे. एवढ्या वर्षांत मी दुसऱ्यांच्या आत्यांना पुष्कळ धपाटे घातले होते. स्वतःची पाठ कोरीच होती.

"पण परवा मी पोचणार कशी?" मी म्हटलं. मार्च महिना, रेल्वेत जागा नाही. "आणि मुराळ्याशिवाय सासूबाई..."

"येऊन राहिलो न मी! मंगळवारी सकाळी इमान आहे नागपूरहून नाशिकले. दीड तास. तेच इमान अर्ध्या घंट्यानं वापस नागपूरले. मी त्याच्यात येतो, तुले घेतो, त्याच्यातच वापस. मोबाईलवाल्या पोट्ट्याकडून तिकिटं काढून घेतली तिन्ही. संध्याकाळी बारसं."

"अर्ध्या तासात जमेल?"

"काटोलच्या स्टँडवर यष्टी पाच मिनिटं थांबते, तं मी उतरतो, पान लावतो, गिऱ्हाईकाच्या हातात देतो अन् वापस चढतो. हे तं इमान आहे. अर्धा घंटा म्हंजे लय झाला."

"आणि जागा?"

"रुमाल टाकतो न सीटवर."

मी हसले. तो हसला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. बाळाचं ऐकून त्यांनी हात जोडले, बारशाचं ऐकून मान हलवली, अर्ध्या तासाचं ऐकून सूप खाली ठेवलं.

"अर्ध्या घंट्यात? मंग तो घरी कवा येनार? जेवनार कवा?"

"आई, तो घरी येणारच नाही. विमानतळावरूनच..."

"म्हंजी मुराळी येनार आन् उपाशी जानार?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच त्याचं ताट ओढून घेतलं. "माझ्या दारातनं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या नाही म्हणाल्या नव्हत्या आणि हो पण म्हणाल्या नव्हत्या. मला अशा वेळी वाटतं की कुणीतरी सरळ रागवावं. सकाळी आमचे हे टेम्पोचे टायर बघत असताना सहज म्हणाले, "आई, त्यो दाराशी येत नसंल तर तू दार घेऊन त्याच्याकडं जा." हे म्हणाले गमतीनं. सासूबाईंनी ते खरं धरलं. सोमवारी दुपारी डाळ भिजली तेव्हा मला कळलं की मी जाणार आहे, आणि मी न्हाणीत जाऊन थोडी रडून घेतली.

मंगळवारी उजाडायच्या आत खापर चुलीवर चढलं. सात-आठ मांडे झाले, धुतल्या धोतरात गुंडाळले गेले. पितळी डबा, आमटीची बरणी, तांब्या, पाट, ताम्हन, हळदकुंकू, सतरंजी. आमच्या ह्यांनी आम्हाला टेम्पोतून ओझरच्या विमानतळावर आणून सोडलं आणि स्वतः माल भरायला गेले. त्यांच्या डोक्यावर मार्च होता. मार्चात द्राक्षवाल्याला बायको, आई, देव सगळे एप्रिलमध्ये भेटतात.

मी विमानतळ पूर्वी फक्त हायवेवरून पाटीवर वाचलेला. एवढी स्वच्छ जागा बघून मला आधी वाटलं आपण चुकून कुणाच्या तरी घरी आलो. सासूबाईंना तसं काही वाटलं नाही. त्यांनी गाड्या लावतात त्याच्या कडेला सावली बघितली, सतरंजी अंथरली, पाट मांडला, पाटापुढं तांब्या ठेवला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. तेवढ्यात गणवेशातला एक वॉचमन आला. बोलण्यावरून येवल्याकडचा.

"मावशी, इथं सयपाक नाय करता येनार."

"सयपाक घरी झाला, भाऊ. हितं नुसतं वाढायचं हाय."

"कोनाला न्यायला आले का सोडायला?"

"दोन्ही," सासूबाई म्हणाल्या. "हिला न्यायला येनारा येतोय, त्याला न्यायला आलो. त्याला जेऊ घातलं की मंग दोघांना सोडायचं."

वॉचमननं थोडा विचार केला आणि माझ्याकडं बघून हात पुढं केला. "ताई, तिकीट दावा." मी मोबाईल दिला. त्यानं वाचलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"ताई, तुमचं काउंटर बंद व्हाया आलंय. तुम्ही बाहीर काय करता?"

"भाऊ यायचाय."

"कशानं?"

"विमानानं."

"कोनत्या?"

"ह्याच."

त्यानं टोपी काढली. "ह्याच विमानानं येनार आन् ह्याच विमानानं जानार? तिकडूनच त्याचं आत जायचं कार्ड काढलंय का? मोबाईलवर?"

कार्ड काय असतं हे मला माहीत नव्हतं. तिकीट काढलं म्हणजे बसायचं, एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक. मी भावाला फोन लावला. बंद. अर्थात बंद, तो आकाशात होता.

"ताई, हे यष्टी नाय," वॉचमन हळू आवाजात म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी. "तो उतरंल, बाहीर यील, पुन्ना लाईनीत लागंल, तवर दार बंद. त्याचं काय जमत नाय. तुमचं अजून जमतंय. आत्ता गेल्या तर. दहा मिन्टांनी आल्या तर तुमचं पन नाय."

मी आत गेले तर मुराळ्याशिवाय जाणार. नाही गेले तर पाळण्यापाशी आत्या नसणार. आणि यात निर्णय माझा नव्हताच. मी सासूबाईंकडं पाहिलं.

त्या पाटाकडं बघत होत्या.

मला त्यांच्या नियमाचं मूळ माहीत होतं. त्यांनी ते एकदाच, मांडे करताना, माझ्याकडं पाठ करून सांगितलं होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या आखाजीला त्यांना न्यायला कुणीच आलं नाही. भावांची कसलीतरी भांडणं होती. त्या बोचकं बांधून दिवसभर रस्त्याकडच्या लिंबाखाली बसल्या. बाकीच्या बायका आपापल्या मुराळ्यामागं जाताना विचारायच्या, "काय वं, अजून उना नाय का?" म्हणजे, अजून आला नाही का? तेव्हापासून त्यांनी ठरवलं की आपल्या सुनेला कुणी असं विचारणार नाही. म्हणून तो नियम. बाहेरून तो कडक दिसतो.

"भाऊ," सासूबाई वॉचमनला म्हणाल्या, "इमान निघालं शे का तिकडून?" त्या घाबरल्या की त्यांच्या बोलण्यात सटाणा येतो.

"निघालं, मावशी. येतंच हाय."

"कुठवर आलं?"

आता याचं उत्तर वॉचमनला कसं माहीत असणार? पण तो भला माणूस. त्यानं उगाच पूर्वेकडं बघितलं, डोळ्यांवर हात धरला, आणि म्हणाला, "आता मनमाडच्या वर असंल."

"मनमाडच्या?"

"मनमाडच्याच."

सासूबाईंनी हळदकुंकू उचललं. "मनमाड म्हंजी आपल्याच जिल्ह्यात. मुराळी शिवेच्या आत आला म्हंजी आला." मग माझ्याकडं वळल्या. "उभी काय? आला ना तुझा भाऊ! वर हाय, दिसत नाय एवढंच. चल, ओटी घे."

नारळ आत नेऊ देतील की नाही याची वॉचमनला खात्री नव्हती, म्हणून त्यांनी माझ्या ओटीत द्राक्षाचा घड घातला. घाईत लावलेलं कुंकू भुवईपर्यंत आलं. "जा," म्हणाल्या. "तुझ्या भावाचं मी बघते." मी वाकले, तर वॉचमननं सुद्धा नकळत हात वर केला, आशीर्वादासाठी. मी धावले.

आतलं मला नीट आठवत नाही. काउंटरवरच्या मुलीनं "थोडक्यात वाचलात" म्हटलं ते आठवतं. तिला मी तीन वेळा धन्यवाद दिले. दुसऱ्या वेळेपासून तिला ते नकोसे झाले. तपासणीच्या बाईंनी पदरातला घड बघितला आणि विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "ओटी." त्यांनी तो यंत्रातून घातला. पडद्यावर माझी ओटी मण्यामण्यानं दिसली. "जा," म्हणाल्या, "गोड आहेत का?" मी एक तोडून द्यायला लागले तर हसून नको म्हणाल्या.

मग मी काचेपाशी जाऊन उभी राहिले, आणि विमान उतरलं. शिडी लागली. माणसं उतरायला लागली. सगळ्यात शेवटी, सगळे संपल्यावर, माझा भाऊ. तो पायरीवर थांबून आत कुणाला तरी काहीतरी समजावत होता आणि बोटानं आतली जागा दाखवत होता. खाली उतरल्यावर सगळे डावीकडं चालले, हा तिथंच विमानाच्या सावलीत उभा राहिला, यष्टीच्या दाराशी उभा राहतो तसा. पिवळ्या जाकिटातला एक माणूस त्याला हाकत होता. भाऊ हलत नव्हता. माझा फोन वाजला.

"ताई, मी आलो. कुठं आहे तू? ये न लवकर, हे मले उभं नाही राहू देऊन राहिले."

"मी आत आहे. काचेकडं बघ."

त्यानं बघितलं. हात हलवला. मी हलवला.

"आत कशी गेली तू? मी तं आताच आलो! मुराळी मी आहे न?"

"तू मनमाडच्या वर होतास तेव्हाच मला सोडली."

"काय?"

"तुला परत चढता यायचं नाही. कार्ड पाहिजे असतं. तू त्या माणसाबरोबर बाहेर जा. सासूबाई मांडे घेऊन उभ्या आहेत."

काचेतून एवढ्या लांबूनही मला त्याचे खांदे खाली आलेले दिसले. त्याच्या पोरीचं बारसं होतं, आणि तो साडेपाचशे किलोमीटर उलट्या दिशेला येऊन उभा राहिला होता. माझ्यासाठी.

"अन् मी पोहोचू कसा?" तो म्हणाला.

"यांना सांगते. काहीतरी करतील."

"बरं." मग विमानाकडं एकदा बघून, "ताई, मांडे किती आहेत?"

"सात-आठ."

"बाप्पा," तो म्हणाला, आणि जाकिटवाल्याबरोबर चालायला लागला.

विमानात बसताना माझी अशी समजूत होती की सगळे माझ्याकडं बघताहेत. बहुधा कुंकवामुळं बघतही होते. मी माझ्या नंबराची जागा शोधत असताना हवाई सुंदरी जवळ आली. तिनं माझ्या भुवईवरच्या कुंकवाकडं बघितलं, मग ओटीकडं. "आप नागपूरवाले भैया की दीदी हैं?"

मी मान हलवली. मला वाटलं आता उतरवतात.

तिनं मुठीतून एक रुमाल काढून माझ्यापुढं धरला. चौकटीचा, कोपऱ्याला काथाचा लाल डाग पडलेला. माझ्या भावाचाच, जगात दुसऱ्या कुणाचा नसेल. "वो सीट पे रखके गए थे। बोले, मेरी दीदी आएगी, तब तक किसी को बैठने मत देना।" तिला हसू आवरत नव्हतं. "मैंने बोला, सर, यहाँ नंबर होता है। बोले, फिर भी।"

फिर भी. मी रुमाल घेतला, त्याच्या काथाच्या डागावर अंगठा ठेवला आणि बसले. एवढ्या वर्षांत आगगाडीत, यष्टीत, जीपमध्ये त्यानं माझ्यासाठी जागा धरली नाही असं कधी झालं नव्हतं. आज तो सोबत नव्हता, पण जागा धरलेली होती.

वर गेल्यावर मी भुसावळची वाट बघत बसले. ते आलं की नाही कळलंच नाही. खाली सगळं तपकिरी, मधे मधे हिरवे तुकडे, नावाची पाटी कुठं नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, "बडनेरा गेलं का हो?" त्यांनी कानातलं काढलं आणि म्हणाल्या, "सॉरी?" मी पण सॉरी म्हटलं. एका दीड तासात एवढं सगळं बदलायचं कसं याचा विचार करेपर्यंत विमान खाली वाकलं. पदर जागेवर, पाय खाली, 'काऊन' कुठंच नाही. मी अर्धीकच्चीच नागपूरला उतरले.

बाहेर बाबा उभे होते. "कसं झालं व माय? भीती गिती वाटली काय?"

"नाय, लय भारी होतं," मी म्हटलं.

बाबांनी माझ्या मागं बघितलं, जणू त्यांची मुलगी अजून यायची आहे. "इमानात अदलाबदल झालेली दिसते," ते म्हणाले. "हे तं नाशिकवालीच उतरली."

काटोलच्या वाटेवर मी सासूबाईंना फोन केला. "आई, पोचले."

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. "अगं, तुझा भाऊ अजून जेवतोय." मागून भावाचा आवाज येत होता, "बस झालं हो आई, हात जोडतो." सासूबाई फोनवर हात न ठेवताच त्याला म्हणाल्या, "पोरगी झालीय तुला, आता अंगात ताकद पायजे. घे." त्यांनी त्याच्या पायावर त्या गाड्यांच्या कडेलाच पाणी घातलं होतं. वॉचमनलाही एक मांडा बसला, हे मला नंतर कळलं. मी साडेपाचशे किलोमीटर ओलांडले तेवढ्या वेळात भाऊ तिसऱ्या मांड्यापर्यंत आला होता.

आमच्या ह्यांनी त्याची सोय लावली. ओळखीच्या एका गाडीत नागपूरसाठी द्राक्षं भरली होती, ती दुपारनंतर निघणार होती. भाऊ पेट्यांच्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसून येणार. म्हणजे बारशाला तो नाहीच.

हे माहेरी सांगायची मला धास्ती होती. वहिनी पलंगावर बाळ मांडीत घेऊन बसली होती. मी बाळाचं तोंड बघितलं. खरंच मुठीएवढं, पण मूठ घट्ट आवळलेली. मी म्हटलं, "वहिनी, माझ्यापायी तो..." ती थकलेली होती तरी हसली. "जाऊ द्या, ताई. हे इथं असते तं पाळण्यात मधेमधे मुंडकं घालत बसले असते."

संध्याकाळी बायका जमल्या. पाळण्याला फुगे, खाली सतरंजी. वहिनीच्या शेजारची जागा मी भावाचा रुमाल टाकून धरली. शेजारची एक काकू येऊन त्यावर बसायला लागली तर मी म्हटलं, "काकू, जागा धरलेली आहे."

"कोणाची व?"

"तिच्या बापाची. येऊन राहिला."

'येऊन राहिला' म्हटलं आणि मला जाणवलं, बडनेरा आत्ता कुठं गेलं.

नाव मीच ठरवायचं होतं. भाऊ फोनवर म्हणाला होता, तू ठरव, आणि फोनवर मला सांगू पण नको, अशा गोष्टी तोंडी ऐकायच्या असतात. मी विमानात काहीच ठरवलं नव्हतं, बडनेरा शोधत बसले होते. पण तिच्या कानाशी तोंड नेलं, तिच्या डोक्याचा तो दूध आणि औषधाचा वास आला, आणि नाव आपसूक आलं. सोपं आहे. शाळेत बाईंनी एकदा हाक मारली की कळेल असं, आणि पुढं कितीही शिकली तरी तिला लहान पडणार नाही असं. मी कुर्रर्र केलं. माझ्या पाठीवर मायचा धपाटा बसला, मग वहिनीच्या आईचा, मग कुणाचे ते मोजायचं सोडून दिलं. इतकं छान लागलं की डोळ्यांत पाणी आलं. बायका म्हणाल्या, "जोरात लागलं काय व?" मी म्हटलं, "हो. अजून घाला."

रुमाल तिथंच राहिला. रात्री सतरंजी झटकताना मायनं तो उचलला नाही; तेवढा कोपरा सोडून झटकली.

सकाळी भाऊ आला. अंगावर हायवेची धूळ, एका हातात द्राक्षाची पेटी, दुसऱ्या हातात धोतराच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, आणि चेहरा मांड्यांनी सुजलेला. चप्पल काढली आणि सरळ पाळण्यापाशी गेला. ती झोपली होती. त्यानं रुमाल बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि त्या जागेवर जाऊन बसला.

"सांग," म्हणाला.

मी त्याचा कान धरला, तोंड जवळ नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. तयारीतच असलेल्या मायनं मागून त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

त्यानं पाळण्याकडं बघितलं. मग मान वळवली आणि दुसरा कान पुढं केला.

"या कानात पण सांग न, ताई," तो म्हणाला. "अन् माय, तू पण."